मेंदूलहरींचा पट्टा कपाळावर का आला

ईईजीचं, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरी डोक्यावरून टिपणारं, यंत्र खिशात मावेल इतकं लहान झालं आणि डोक्याला बांधायच्या पट्ट्यात बसलं, पण मूळ अडचण हलली नाही. ती आहे इलेक्ट्रोड (संकेत उचलणारी छोटी चकती) आणि कातडी जिथे टेकतात तिथे.

हान्स बर्गर यांनी जर्मनीतल्या येना इथे १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूलहरी टिपल्या आणि १९२९ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. डोळे मिटले की सेकंदाला दहाच्या आसपास आवर्तनांची अल्फा लहर उमटते, उघडले की दबते, हे त्यांचंच निरीक्षण. इलेक्ट्रोडच्या जागांची १०-२० पद्धत १९५८ मध्ये आली. १९७० च्या दशकात कॅसेट रेकॉर्डरवर चार चॅनेल (चार ठिकाणचे वेगवेगळे संकेत) २४ तास नोंदवता येऊ लागले. रुग्ण घरी जाऊ लागला, पण डोक्याला चिकटवलेल्या वायरींसकट.

डोक्यावर मिळणारा संकेत जेमतेम १० ते १०० मायक्रोव्होल्टचा. दवाखान्यात कातडी हलकेच घासून, जेल भरून अवरोध (संपर्काच्या जागी विजेला होणारा अडथळा) ५ किलोओहमखाली आणतात. (केस धुऊन, तेल न लावता या, असं सांगतात ते याचसाठी.) कोरड्या इलेक्ट्रोडचा अवरोध शेकडो किलोओहमवर जातो. त्यात दोन ठिकाणचा अवरोध असमान असला की घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण संकेतात शिरते. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर थेट इलेक्ट्रोडच्या पाठीवरच बसवतात आणि पट्टा चार्जिंगला लावलेला असताना मोजत नाहीत.

केसांतून कातडीपर्यंत पोचणं हे सगळ्यांत कठीण. इमोटिव्ह कंपनीच्या २००९ च्या एपॉक या हेडसेटमध्ये त्यासाठी मिठाच्या पाण्यात भिजवलेले नमदे होते. ते सुकले की संकेत गेला. न्यूरोस्काय कंपनीने एकच इलेक्ट्रोड कपाळावर ठेवला, तुलनेसाठीचा संदर्भ इलेक्ट्रोड कानाच्या पाळीला. २०१४ च्या म्यूझ या पट्ट्याने कपाळावर दोन, कानांमागे दोन ठेवले. केस टळले, पण पापणी लवली की शंभर मायक्रोव्होल्टहून मोठा झटका बसतो, दात आवळले की स्नायूंचा गोंगाट होतो. आणि अल्फा सर्वांत ठळक असते ती डोक्याच्या मागच्या बाजूला, नेमकी केसांखाली! कानाभोवती चिकटवायच्या दहा इलेक्ट्रोडच्या पट्ट्या २०१५ च्या सुमारास पुढे आल्या त्या यातूनच. झोपेच्या नोंदीसाठी मला हीच वाट जास्त भरवशाची वाटते.

पट्टा बांधल्यावर दोन-तीन मिनिटं थांबावं. किंचित ओल धरली की संपर्क सुधारतो. फार घाम आला तर रेषा हळूहळू वरखाली सरकते. मग ३० सेकंद डोळे उघडे, ३० सेकंद मिटलेले. कानामागच्या चॅनेलवर ८ ते १३ हर्ट्झची लहर वाढली नाही, तर अ‍ॅपमधला एकाग्रतेचा आकडा वाचण्याआधी पट्टा काढून पुन्हा बसवावा.