मालकी रान (कोकण)

कोकणात, विशेषतः रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, शेतकरी कुटुंबांच्या सातबाऱ्यावर असलेल्या व झाडोऱ्याने आच्छादलेल्या डोंगरउताराच्या जमिनीला बोलीभाषेत मालकी रान किंवा नुसते रान म्हणतात. अशी जमीन महसुली दप्तरात बहुधा वरकस (हलक्या प्रतीची डोंगरउताराची) वा पोटखराबा (लागवडीस अयोग्य) म्हणून नोंदलेली असते. तिचे क्षेत्र काही गुंठ्यांपासून काही एकरांपर्यंत असते आणि एकाच उतारावर भातखाचर, आंबा-काजूची बाग, गवताचा सडा (खडकाळ माळ) व रान एकमेकांना लागून असतात. देवराई देवाच्या नावाने राखली जाते व तिच्यावर गावाचा धाक असतो. मालकी रानाला असे कोणतेही कवच नाही. ते राहील की जाईल हे मालकाच्या गरजेवर आणि त्याच्या सहहिस्सेदारांच्या मर्जीवर ठरते.

देशावरच्या किंवा विदर्भातल्या वाचकाला हे थोडे नवलाचे वाटेल, कारण तिकडे जंगल म्हटले की वनखात्याची हद्द डोळ्यांसमोर येते. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अत्यल्प आहे आणि डोंगरावर दिसणारी बहुतेक हिरवाई खाजगी मालकीची आहे. याची मुळे खोती पद्धतीत, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या जुन्या व्यवस्थेत, सापडतात. गावचे डोंगर खोतांच्या व कुळांच्या वहिवाटीत राहिले आणि 1949 च्या खोती निर्मूलन कायद्यानंतरही ते मोठ्या प्रमाणावर खाजगी हातांतच उरले. त्यामुळे इथल्या जंगलाचे भवितव्य वनखात्याच्या कामाच्या आराखड्यापेक्षा (कार्य आयोजनेपेक्षा) घराघरांतल्या निर्णयांवर जास्त अवलंबून आहे.

या रानात ऐन, किंजळ, नाणा, कुंभा, असाणा, शिवण, धामण, बेहडा, हेद, जांभूळ, काटेसावर आणि खैर ही झाडे प्रामुख्याने आढळतात. पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठाला व सावलीच्या घळीत अंजनी, रातांबा (कोकम) यांसारखी सदाहरित झाडे आणि गारंबीसारख्या महावेली टिकून असतात. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस अवघ्या चार महिन्यांत पडत असल्याने इथली वाढ जोमदार असते. तोडलेल्या ऐनाच्या बुंध्यातून पहिल्याच पावसाळ्यात फुटवे येतात. रान सांभाळण्याच्या कामाचा सगळा रोख म्हणूनच वेगळा आहे. नवी झाडे लावण्याची गरज क्वचितच पडते; आग, गुरे आणि अकाली तोड यांपासून जागा राखली तर उरलेले काम ती जागा स्वतः करते. वृक्षारोपणाच्या उत्साहात चांगल्या फुटव्यावर आलेला उतार साफ करून त्यात ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपे लावल्याची उदाहरणे कोकणात कमी नाहीत, आणि त्या बाभळीखाली आजही फारसे काही उगवत नाही.

पूर्वी रान आणि शेती यांचा संबंध जवळचा होता. भाताची दाढ (रोपे तयार करायची जागा) भाजण्यासाठी लागणारा कवळ, म्हणजे पानांसह तोडलेल्या लहान फांद्या, ऐन-किंजळीवरून हिवाळ्यात तोडत. दाढीच्या जागेवर आधी शेणाचा थर, त्यावर कवळ, त्यावर पातेरा (वाळलेला पाला) व गवत आणि सर्वांत वर मातीचा पातळ थर देऊन तो राब वाऱ्याच्या उलट दिशेने हळूहळू पेटवीत. कवळ तोडताना झाडाचा शेंडा राखायचा, वरचा तिसरा हिस्सा तरी कोयत्याला लागू द्यायचा नाही, अशी जाणत्यांची रीत होती. शेंडा छाटलेले झाड उंची धरत नाही, बुटके व गाठाळ होते. जुन्या रानांत असे खुंट अजून ओळखू येतात. रासायनिक खते आल्यावर राब मागे पडला, तसा रानाचा दरवर्षीचा उपयोग संपला आणि त्याच्याकडे पंधरा-वीस वर्षांनी एकदा पैसे देणारी ठेव म्हणून पाहिले जाऊ लागले.

ही ठेव मोडण्याची पद्धत ठरलेली आहे. ठेकेदार रान पाहून जातो, उभ्या झाडांचा उक्ता भाव ठरतो आणि उतार एका हंगामात मोकळा होतो. लाकडाचे मोजमाप मालकाच्या डोळ्यांसमोर होत नसल्याने या व्यवहारात मालकाच्या हाती येणारी रक्कम बहुधा लाकडाच्या मानाने तुटपुंजी असते. तोडीची रीतही घाईची असते. बुंधा गुडघ्याएवढ्या उंचीवर, बोथट कुऱ्हाडीने, साल फाटेल असा तोडला की वरच्या भागात पाणी मुरते, बुंधा कुजतो आणि फुटवे कमकुवत जागेवरून निघून वाऱ्याने मोडतात. त्याऐवजी जमिनीपासून वीतभर किंवा त्याहून खाली, पाणी निथळेल असा तिरका आणि साल न सोलता घाव घातला तर फुटवे मुळाजवळून येतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्यांतले एक-दोन सरळ फुटवे ठेवून बाकीचे छाटावेत. ही विरळणी सरपणही देते आणि पुढच्या झाडाला जाडीही. संपूर्ण उतार एकदम न तोडता त्याचे पट्टे पाडून काही वर्षांच्या अंतराने तोडले, तर माती उघडी पडत नाही आणि बियांसाठी मोठी झाडे शिल्लक राहतात. पऱ्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा मात्र कोणत्याच फेरीत तोडू नये, कारण मार्च-एप्रिलमध्ये खालच्या विहिरीला पाणी राहण्याशी त्याचा थेट संबंध असतो.

वर्षभराच्या कामांत सर्वांत निकडीचे काम जाळरेषेचे, म्हणजे वणवा अडवणाऱ्या मोकळ्या पट्टीचे, आहे. गवत वाळते पण रात्री दव पडत असते त्या पौष-माघातल्या दिवसांत ते उरकावे लागते. होळी जवळ आली की उशीर झालेला असतो. रानाच्या हद्दीने दहा ते पंधरा फूट रुंदीची पट्टी बेणून काढतात, पातेरा झाडून आतल्या बाजूला न लोटता बाहेरच्या बाजूला ओढतात आणि पहाटेच्या ओलीत तो थोडा थोडा करून जाळतात. चार-पाच माणसे हिरव्या टहाळ्या घेऊन कडेने उभी असतात. ठिणगी उडाली की टहाळीने ती दाबायची, जोरात झोडायची नाही, कारण झोडल्याने निखारे उडतात. आग चढाकडे झपाट्याने जाते, त्यामुळे उताराच्या खालच्या कडेची रेषा सर्वांत रुंद ठेवावी लागते. वणवा बहुतेक वेळा शेजारच्या काजूबागेत गवत जाळताना, विझवायचे राहून गेलेल्या राबातून, मध काढणाऱ्याच्या चुडीतून (पेटत्या जुडीतून) किंवा जाळल्यावर गवत चांगले येते या समजुतीतून लागतो. वणव्यानंतर ऐनासारखी जाड, भेगाळ सालीची झाडे उभीच दिसतात आणि मालक समजतो की काही बिघडले नाही. प्रत्यक्षात कमरेएवढी सगळी रोपे गेलेली असतात. दरवर्षी आग लागणाऱ्या रानात काही वर्षांनी मोठी झाडे, गवत आणि रानमोडी एवढेच उरते.

रानमोडी, म्हणजे क्रोमोलिना ओडोराटा, ही मूळची अमेरिका खंडातली वनस्पती मोकळ्या झालेल्या रानात प्रथम शिरते. ती नुसती कापली तर पुन्हा फुटते. पावसाळ्यात माती ओली असताना ती मुळासकट उपटावी, आणि थंडीत फुलोरा येऊन वाऱ्यावर बी उडण्याआधी राहिलेली काढावी. दाट सावलीत ती टिकत नाही, त्यामुळे झाडांचा मांडव मिटला की हे काम आपोआप कमी होते. घाणेरीचेही तसेच. गुरांचा प्रश्न ऋतूशी बांधलेला आहे: भात कापून झाले की गुरे उनाड सुटतात आणि नेमके तेव्हाच कोवळे फुटवे त्यांच्या तोंडाच्या उंचीवर असतात. जांभ्या दगडाचा गडगा (रचलेले कुंपण) असेल तर तो दुरुस्त ठेवणे पुरते. गडगा हद्दीचा पुरावाही असतो, आणि दोन शेजाऱ्यांत वाद झालाच तर मोजणी मागवण्याआधी सगळे त्याच्याकडेच बोट दाखवतात.

वठलेले किंवा पोकळ झाड सरपणासाठी आधी जाते. ते ठेवावे असे सांगण्यामागे एक ठोस कारण आहे. महाधनेश आणि मलबारी कवड्या धनेश हे पक्षी मोठ्या झाडांच्या ढोलीत घरटे करतात. मादी ढोलीचे तोंड लिंपून आत बसते आणि नर फटीतून तिला फळे भरवतो. हा काळ साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून मेपर्यंतचा, म्हणजे तोडीच्या ऐन हंगामाचा असतो. बेहड्याचे लाकूड हलके व कमी भावाचे असल्याने ढोली असलेले जुने बेहडे सहज तोडले जात. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने संगमेश्वर परिसरात रानमालकांशी संवर्धनाचे करार केले आणि बेहड्याच्या फळांना फेअरवाइल्ड (रानातून शाश्वत रीतीने गोळा केलेल्या मालासाठीच्या) प्रमाणपत्राच्या आधारे बाजार मिळवून दिला, तेव्हा उभ्या झाडाला दरवर्षी काही किंमत आली. रातांबा, शिकेकाई, वावडिंग यांचेही थोडे उत्पन्न असते. रातांब्याची नर व मादी झाडे वेगळी असतात. फळ न देणारे झाड निरुपयोगी समजून सगळे नर तोडले तर मादीलाही फळ धरत नाही.

कायद्याची बाजू गुंतागुंतीची आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम 1964 नुसार अनुसूचीतील झाडे मालकालाही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. या अनुसूचीत हिरडा, साग, खैर, ऐन, किंजळ, बिजा, जांभूळ, आंबा, फणस अशा जाती आहेत. तोडलेला माल हलवण्यासाठी, सूट असलेल्या जाती वगळता, वाहतूक परवाना लागतो. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमाने 30 ऑगस्ट 1975 पासून खाजगी वने शासनाकडे निहित (वर्ग) झाली; पुढे कलम 22अ घालून, संपादनानंतर एकूण धारणा बारा हेक्टरांपेक्षा कमी राहिलेल्या मालकांना त्या मर्यादेपर्यंत जमीन परत मिळण्याची वाट ठेवण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 च्या आदेशात वन या शब्दाचा कोशातला अर्थ घ्यावा, मालकी कोणाची हे पाहू नये, असे सांगितले. गोव्यात त्यानंतर खाजगी वन ओळखण्यासाठी 75 टक्के वनजातींची झाडे, 0.4 छत्रघनता (झाडांच्या पसाऱ्याखाली झाकलेल्या जमिनीचे प्रमाण) आणि सलग पाच हेक्टर क्षेत्र असे निकष लावले गेले. या तरतुदींमागचा हेतू योग्य असला तरी गावपातळीवर त्यांचा एक उलटा परिणाम दिसतो: झाडे वाढू दिली तर जमीन वन म्हणून अडकेल या भीतीने मालक ती वाढूच देत नाही. 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने काजू-आंब्याला पूर्ण अनुदान दिले; उभे रान राखणाऱ्याला तसे काही मिळाले नाही, आणि दोहोंतली निवड सोपी झाली.

सामाईक सातबारा ही शेवटची आणि कदाचित सर्वांत चिवट बाब आहे. एका रानावर वीस-पंचवीस नावे असतात, त्यांतली निम्मी मुंबईत, काही मयत आणि वारस नोंद न झालेली. तोडीला सर्वांच्या सह्या लागतात, म्हणून काही राने केवळ भाऊबंदकीमुळे वाचली आहेत हे गमतीने पण खरेच सांगितले जाते. गणपतीला सगळे गावी आले की रानाचा विषय निघतो. सरसनिरस (जमिनीचा कस पाहून) वाटप करून उभे पट्टे पाडले, तर प्रत्येक पट्ट्याला स्वतंत्र जाळरेषा लागते आणि दोन गुंठ्यांच्या पट्ट्यात ती कोणालाच परवडत नाही. काही घरांत म्हणून भातशेती व बाग वाटून घेतात, रान सामाईक ठेवतात, आणि गावात राहणाऱ्या एका भावाकडे राखणीचे काम देऊन जाळरेषेच्या मजुरीची वर्गणी चाकरमान्यांकडून गणपतीतच जमा करून घेतात.