तेलावर तरंगणारा शाफ्ट

दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या दिल्लीत चालवायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. अंमलबजावणी कधी कडक, कधी सैल होत राहिली, पण तिकडच्या गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. इंदुरात रामबागेपासून सुदामानगरपर्यंत कुणाच्याही घरी अशी गाडी घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘किती चाललीय?’ आकडा लाखाच्या पुढे गेलेला दिसला की मंडळी मागे सरतात. मला हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. आधी विचारावं ते ऑइलबद्दल. कधी बदललं, कोणतं घातलं, आणि बिलं आहेत का?

उदाहरणाला फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन घेऊ. ते २००३ मध्ये युरोपात आलं आणि पुढे आपल्याकडे स्विफ्ट, पुंटो, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत बसलं. क्षमता अवघी १२४८ घन सेंटिमीटर. डिझेल इंजिनात हवा सतराअठरा पट दाबली जाते आणि त्या दाबाच्या उष्णतेनेच इंधन पेटतं, म्हणून त्याचा ब्लॉक, क्रँकशाफ्ट, पिस्टन सगळं मुळातच दणकट करावं लागतं. शिवाय ते पेट्रोल इंजिनापेक्षा कमी फेऱ्यांवर चालतं. नीट ठेवलं तर लाख किलोमीटर म्हणजे त्याचं तारुण्य. मग ही इंजिनं अकाली का बसतात? बहुतेक वेळा सुरुवात टर्बोपासून होते आणि टर्बोची सुरुवात तेलापासून.

धुराड्याकडे निघालेल्या गरम वायूने एक छोटं चक्र (टर्बाइन) फिरवायचं, आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाच्या चक्राने (कंप्रेसर) ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये भरायची, ही टर्बोची कल्पना. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. टर्बो-डिझेल मोटार विक्रीला यायला मात्र १९७८ उजाडलं. ती मर्सिडीजची ३०० एसडी. मधली बरीच वर्षं मुख्यतः जहाजं, आगगाड्या आणि ट्रक यांचीच. हवा किती दाबली जाणार ते चक्राच्या कडेच्या वेगावर ठरतं. चक्र लहान असेल तर कडेला तोच वेग द्यायला फेऱ्या वाढवाव्या लागतात. म्हणून इंजिन जितकं छोटं, तितका टर्बो जास्त पळतो. छोट्या मोटारीच्या टर्बोत हा आकडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो.

हा आकडा नुसता वाचून सोडून देऊ नये. शाफ्टची जाडी सहा मिलिमीटर धरली तर परीघ होतो साधारण १९ मिलिमीटर. सेकंदाला ३,३३३ फेऱ्या म्हणजे शाफ्टचा पृष्ठभाग सेकंदाला ६३ मीटर, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटर वेगाने सरकतो. इंदूरजवळच्या पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा जो वेगचाचणीचा ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, तिथे गाड्या ज्या वेगाने पळवायच्या, त्या वेगाने धातूचा हा पृष्ठभाग दुसऱ्या धातूच्या अगदी जवळून सरकतो आहे. आणि शाफ्टच्या एका टोकाला सहासातशे अंशांचा वायू आहे. धातू धातूला टेकला तर काही सेकंदांत खेळ आटोपेल. तो टेकत नाही, कारण मध्ये तेलाचा काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर असतो.

हा थर टिकतो कसा? ऑइल पंपाच्या दाबाने शाफ्ट उचलला जातो, अशी बऱ्याच मिस्त्रींचीही समजूत असते. १८८३ मध्ये बोशँप टॉवर हा इंग्रज अभियंता रेल्वेच्या चाकांच्या आसांसाठी बेअरिंगचे प्रयोग करत होता. तेल घालायला त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर तेल आत जाण्याऐवजी वर येऊ लागलं. त्याने बूच लावलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. शेवटी चौरस इंचाला २०० पौंडांपर्यंतचा दाबमापक लावला, तर काटा टोकाला जाऊन अडला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता फक्त १०० पौंड. दाब पंपातून आलेला नव्हता, फिरण्यातूनच तयार झाला होता! १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने यामागचं गणित मांडलं. शाफ्ट भोकाच्या बरोबर मध्यात न राहता किंचित बाजूला सरकतो, त्यामुळे एका बाजूला फट निमुळती होत जाते. तेल चिकट असल्याने फिरणारा शाफ्ट त्याला त्या निमुळत्या जागेत ओढतो. पुढे वाट अरुंद, मागून तेल येतच आहे. दाब वाढतो आणि शाफ्ट उचलला जातो. पंपाचं काम फक्त तेल पोचतं ठेवण्याचं.

थराची जाडी तीन गोष्टींवर अवलंबून : तेलाची चिकटता, फिरण्याचा वेग आणि भार. पहिल्या दोन वाढल्या तर थर जाड, तिसरी वाढली तर पातळ. टर्बोत भार अगदी थोडा असतो, वेग अफाट. तिथला खरा धोका वेगळा आहे. हलका शाफ्ट तेलाच्या थरात स्वतःभोवती फिरता फिरता भोकाच्या मध्याभोवतीही घिरट्या घालू लागतो, साधारण स्वतःच्या निम्म्या वेगाने. यावर जो उपाय निघाला तो मला यंत्रशास्त्रातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटतो. बहुतेक छोट्या टर्बोंत बेअरिंगचा बुशही, म्हणजे शाफ्टभोवतीचं धातूचं नळकांडंही, घट्ट बसवलेला नसतो. शाफ्ट आणि बुश यांच्यात तेलाचा एक थर, बुश आणि घर (टर्बोचं बाहेरचं कवच) यांच्यात दुसरा. शाफ्ट फिरतो तसा बुशही त्याच्या मागोमाग, पण बऱ्याच कमी वेगाने फिरत राहतो. आतला थर शाफ्टला उचलतो, बाहेरचा त्या घिरट्यांची ऊर्जा गिळून टाकतो.

चिकटता तापमानागणिक झपाट्याने उतरते, म्हणून चांगल्या ऑइलची परीक्षा १५० अंशांवर आणि जोराच्या घर्षणात घेतात. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी पकडणारा फिल्टर असलेल्या डिझेल गाड्यांसाठी युरोपात सी-३ म्हणून जो दर्जा आहे, त्यात तिथे किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद एवढी चिकटता लागते. डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० या आकड्यांइतकंच हे दर्जाचं अक्षरही गाडीच्या पुस्तिकेशी जुळवून पाहावं.

ऑइल काळं झालं की खराब झालं, हा समज मात्र चुकीचा. डिझेलमध्ये नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडतं. काजळी सुटी-सुटी धरून ठेवायचं आपलं काम ते करत असतं. ही धरण्याची ताकद संपते तेव्हा गाळ साचतो, टर्बोकडे जाणारी बारीक नळी आणि पंपाची जाळी तुंबते. काजळीने टायमिंग चेनही झिजते. मल्टिजेटमध्ये ऑइल जेमतेम तीन लिटर असतं, तेव्हा एक लिटर कमी म्हणजे एकतृतीयांश गेलं.

ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाट चढून सिमरोलला चहासाठी थांबतात आणि गाडी उभी राहता राहताच किल्ली फिरवतात, हे मी नेहमी पाहतो. त्या क्षणी तेलाचा पुरवठा थांबतो, पण टर्बाइनकडची धग शाफ्टमधून बेअरिंगकडे सरकत राहते आणि तिथलं तेल जळून कोळसा होतो. मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवलं की भागतं. राजवाड्याच्या गर्दीतून रांगत घरी आलात तर तेवढंही नको, टर्बो आधीच निवलेला असतो. सकाळी सुरू केल्यावर लगेच अॅक्सिलरेटर दाबू नये, कारण तेल टर्बोपर्यंत पोचायला क्षणभर लागतो. आणि टर्बो गेलाच तर नव्याबरोबर तेलाची नळीही नवी घालायला सांगा. माझ्या परिचयातल्या एकाचा नवाकोरा टर्बो तुंबलेल्या जुन्या नळीपायी पुन्हा बसला.

शनिवारी तेल आणि लोखंड घेऊ नये म्हणून ऑइल बदलणं पुढे ढकलणारी सुशिक्षित माणसं आहेत. काजळीला वार कळत नाही. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ जरूर घालावी, पण बॉनेटखालच्या लिंबू-मिरचीने फट निमुळती होत नाही. इंजिनाचं आयुष्य दुप्पट करणाऱ्या जादूच्या बाटल्यांनाही मी याच रांगेत बसवतो. पुस्तिकेत सांगितलेल्या ऑइलमध्ये लागतील ती रसायनं आधीच मोजून घातलेली असतात.

बाकीचं थोडक्यात. मालव्यातल्या उन्हाळी धुळीत एअर फिल्टर लवकर बदलावा; धुळीतली वाळू कंप्रेसरची पाती खाते. डिझेल फिल्टरमधलं पाणी वेळोवेळी काढावं, कारण इंजेक्टरची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी असतात. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत डीपीएफमधली काजळी जाळायला जास्तीचं डिझेल सोडतात. गाडी सारखी जवळच्या जवळच फिरवली तर त्यातलं काही खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइल पातळ होतं आहे.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा मिस्त्रीला बरोबर न्या आणि थंड इंजिनावर टर्बोकडे येणारा हवेचा पाइप काढायला लावा. चक्राचं टोक चिमटीत धरून बाजूला हलवा. ते किंचित हलेल. इथे पुष्कळ जण ‘टर्बो बैठ गया, भिया’ म्हणून मोकळे होतात, पण दोन्ही थरांची जागा मोकळी असताना तेवढं हलणं स्वाभाविक आहे. आता तेच चक्र आत-बाहेर ओढून पाहा. बोटांना खेळ जाणवला, किंवा पात्यांची टोकं घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर टर्बोचे पैसे किमतीतून कापून मागा.