झोताने न हलणारी धूळ

छताचा पंखा वर्षभर वाऱ्यातच असतो, तरी दिवाळीच्या आवराआवरीत पात्यावरून बोट फिरवलं की काळा थर हाताला लागतो. १२०० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला ३५० फेरे घेत असेल, तर पात्याचं टोक ताशी जवळजवळ ८० किलोमीटर वेगानं हवा कापत असतं. इतक्या वेगातही धूळ पात्यावर नुसती टिकत नाही, तर साठत जाते. नुसत्या हवेनं फरशी का स्वच्छ होत नाही, हे या एका पात्यावरून कळतं.

कोणत्याही पृष्ठभागाला अगदी लागून असलेली हवा त्या पृष्ठभागासोबत चिकटून राहते. तिचा पृष्ठभागाच्या तुलनेत वेग शून्य असतो. जसजसं वर जावं तसतसा वेग वाढतो. जोराच्या झोतातही तळाशी साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका एक संथ थर उरतोच. वाळूचा कण या थरातून डोकं बाहेर काढतो आणि उडून जातो. पाच-दहा मायक्रॉनचा कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा; आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो) त्या थरात पूर्ण बुडालेला असतो. वरून वादळ गेलं तरी त्याला झुळूकच लागते.

दुसरी अडचण चिकटण्याची. बारीक कण आणि फरशी यांच्यामध्ये रेणूंचं परस्पर आकर्षण असतं, त्याला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात. हवेत दमटपणा असेल तर कणाखाली पाण्याची सूक्ष्म कडी तयार होते आणि तीही त्याला धरून ठेवते. शिवाय स्थिर विद्युत असतेच. कणाचा व्यास निम्मा केला तर चिकटून राहण्याचं बल निम्मं होतं, पण त्या संथ थरात हवा कणावर लावते तो जोर पाव होतो आणि वजन तर आठवा हिस्सा उरतं. म्हणजे कण जितका लहान, तितकी त्याची पकड तुलनेनं घट्ट. दहा मायक्रॉनच्या कणाला फरशीशी बांधून ठेवणारं बल त्याच्या वजनाच्या हजारो पट असू शकतं.

पुण्यात ही बारीक धूळ भरपूर आहे. बाणेर-बालेवाडीपासून वाघोलीपर्यंत बांधकामं चालू आहेत, नदीच्या वाळूच्या जागी काळा बसाल्ट फोडून केलेली क्रश सँड वापरली जाते, आणि तिच्यासोबत पिठासारखी भुकटी येते. त्यात स्वयंपाकघरातल्या फोडणीचा तेलकट अंश मिसळला की फरशीवर जो थर बसतो, तो व्हॅक्यूम क्लीनर कितीही वेळा फिरवला तरी निघत नाही. व्हॅक्यूम क्लीनर केस, खडे, तांदळाचे दाणे उचलतो. थर तसाच राहतो.

ओढण्याऐवजी फुंकलं तर? भोसरी-चाकणच्या कित्येक वर्कशॉपमध्ये पाळी संपताना एअर गननं मशीन, जमीन आणि अंगावरचे कपडेसुद्धा फुंकून ‘साफ’ करतात. फुंकलेला झोत खरोखर लांब जातो: तोंडापासून तोंडाच्या व्यासाच्या तीसपट अंतरावरही त्याचा जवळजवळ दहावा हिस्सा वेग टिकून असतो. ओढणाऱ्या तोंडासमोर मात्र हवा चहूबाजूंनी येते, त्यामुळे एका व्यासाइतक्या अंतरावरच वेग दहाव्या हिश्शावर येतो. म्हणून फुंकणं जोरदार वाटतं. पण फुंकलेली धूळ जाते कुठे? जड कण शेजारच्या मशीनवर बसतात आणि सर्वात बारीक, म्हणजे फुप्फुसात खोल जाणारे, तासन्‌तास हवेत तरंगतात. दाबाखालची हवा त्वचेतून आत शिरून माणूस जखमी होऊ शकतो, ते वेगळंच. ही सवय बंद व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

हा वाद सव्वाशे वर्षं जुना आहे. लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरनं धूळ फुंकून उडवणाऱ्या एका यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं आणि ‘हे ओढून का घेत नाही?’ असा प्रश्न विचारला. पुढे त्यानं एका उपाहारगृहातल्या खुर्चीवर रुमाल ठेवून तोंडानं हवा ओढून पाहिली. रुमालावर धुळीचा डाग उमटला. १९०१ साली त्यानं पेटंट घेतलं. त्याचं यंत्र घोडागाडीवर बसवलेलं होतं, ते रस्त्यावर उभं राहायचं आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात जायच्या.

मला मात्र बूथपेक्षा अमेरिकेतला जेम्स मरे स्पँग्लर जास्त महत्त्वाचा वाटतो. ओहायोतल्या कँटन गावी तो एका दुकानात सफाई कामगार होता, त्याला दम्याचा त्रास होता आणि झाडताना उडणारी धूळ सोसत नव्हती. १९०८ साली पेटंट मिळालेल्या त्याच्या यंत्रात एकच विजेची मोटर पंखाही फिरवत होती आणि ब्रशही. ब्रश कणाला खालून सोडवतो, हवा त्याला पुन्हा बसण्याआधी उचलून नेते. कणाची पकड मोडायला घन वस्तूचा थेट स्पर्श लागतो, हवेचा नव्हे. हे त्या कामगारानं झाडता झाडता ओळखलं. ते पेटंट त्यानं विल्यम हूव्हरला विकलं आणि पुढे नाव हूव्हरचं झालं.

कोरड्या धुळीपुरतं हे पुरतं. तेलकट थराला पाणी आणि साबण हवा. पाणी कण आणि फरशी यांच्या फटीत शिरतं, तिथलं आकर्षण कमी करतं, साबण तेलाला वेढून पाण्यात तरंगत ठेवतो आणि ब्रश दोघांना थरापर्यंत पोचवतो. हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञानं १९५९ साली सफाईचे चार घटक एकत्र मांडले: रसायन, घासण्याचा जोर, तापमान आणि वेळ. एक कमी केला तर दुसरा वाढवावा लागतो. घरी पोछा मारताना आपण गार पाणी घेतो, दोन सेकंदांत फडकं पुढे नेतो, जोर बेताचाच असतो आणि मग सगळी भिस्त रसायनावर टाकतो. बादलीत आणखी एक झाकण फिनेल!

पण पोछ्याचा खरा दोष यापुढे आहे. सुटलेली घाण तो उचलत नाही, पसरवतो. समजा, पोछा मारल्यावर फरशीवर सरासरी ०.०५ मिलिमीटर जाडीचं पाणी राहिलं. १००० चौरस फुटांच्या घरात हे साडेचार लिटरच्या पुढे जातं. ते पाणी उडून जातं, पण त्यात विरघळलेलं आणि तरंगणारं काहीही उडत नाही. ज्या सोसायट्या बोअरवेलवर किंवा टँकरवर आहेत, तिथे लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असले तर रोज दोन ग्रॅमहून जास्त पांढरट क्षार फरशीवर वाळतात. दुसऱ्या दिवशीची धूळ त्याच खरबरीत थरात अडकते.

मॉल, रुग्णालयं, आयटी पार्क, विमानतळ इथे जे स्क्रबर नावाचं यंत्र फिरताना दिसतं, ते हाच दोष काढतं. पुढे एका टाकीतून स्वच्छ पाणी आणि थोडं रसायन गळतं, मधे गोल ब्रश मिनिटाला साधारण दीडशे ते दोनशे फेऱ्यांनी घासतो आणि मागे रबराची वक्र पट्टी, म्हणजे स्क्वीजी, सगळं गढूळ पाणी गोळा करून हवेच्या जोरावर दुसऱ्या टाकीत पाठवते. मळकं पाणी स्वच्छ टाकीत कधीच परत जात नाही, बादलीपेक्षा वेगळेपण इथेच आहे.

यातली स्क्वीजी मला फार हुशारीची वाटते. ती दोन पट्ट्यांची असते. मागची पट्टी अखंड, पुढच्या पट्टीला खाली छोट्या खाचा. खाचांमधून पाणी आत येतं आणि त्याच्याबरोबर हवाही येते. हवा यायलाच हवी. तोंड पूर्ण बंद केलं तर आतला दाब सर्वात कमी होतो, पण वाहणारं काहीच उरत नाही, आणि वाहती हवा नसेल तर पाणी वर जात नाही. उलट फट मोठी झाली, तर हवा धो-धो वाहते पण दाबातला फरकच नाहीसा होतो. उचलण्याची ताकद दोहोंच्या गुणाकारावर ठरते, म्हणून त्या खाचांची उंची महत्त्वाची. खाचेखाली तांदळाचा एक दाणा अडकला तरी पट्टी तिथे उचलली जाते, हवा सोप्या वाटेनं आत घुसते आणि यंत्रामागे पाण्याची बारीक रेघ राहते. पाहणारे म्हणतात मोटर कमजोर झाली. बहुतेक वेळा पट्टी पुसून काढली की रेघ थांबते.

‘ओढणं’ असं आपण म्हणतो, पण यंत्र पाण्याला ओढत नाही. पंखा टाकीतला दाब थोडा कमी करतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१३ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर असल्यानं शिवाजीनगरला, जिथल्या वेधशाळेच्या इमारतीला पुणेकर शिमला ऑफिस म्हणतात, तिथे तो साधारण ९५० भरतो. त्यामुळे पंख्यानं निर्माण केलेला दाबातला फरकही सहा-सात टक्के कमी पडतो. कंपनीच्या कागदावर १२० सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा फरक लिहिला असेल तर पुण्यात ११२ धरावा. काम अडत नाही, पण मुंबईत पाहिलेलं यंत्र इथे किंचित मंद वाटलं तर त्यात नवल नाही.

पुढे पाणी आणि हवा वेगळी कशी होतात, हेही साधं आहे. नळी चार सेंटीमीटर व्यासाची आणि टाकी चाळीस सेंटीमीटर रुंद असली तर क्षेत्रफळ शंभरपट होतं आणि हवेचा वेग शंभराव्या हिश्शावर येतो. नळीत सेकंदाला २४ मीटर धावणारी हवा टाकीत २४ सेंटीमीटरवर येते आणि थेंब खाली पडतात. टाकी भरली की तरंगणारा चेंडू वर येऊन हवेची वाट बंद करतो. हा चेंडू पाण्यावर तरंगतो, फेसावर नाही. साबण जास्त झाला की फेस चेंडूला न उचलता वरच्या मोटरपर्यंत जातो आणि मोटर जळते. ‘जास्त रसायन, जास्त स्वच्छता’ या समजुतीची किंमत इथे रोखीत मोजावी लागते.

आता ज्यांचा ब्रश विजेवर नाही, हवेवर फिरतो, त्या यंत्रांकडे वळू. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या काही तोंडांमध्ये छोटं टर्बाइन असतं: आत येणारी हवाच जाता जाता ते फिरवते आणि टर्बाइन ब्रश फिरवतं. तोंडापर्यंत तार न्यावी लागत नाही. मात्र ब्रश फिरवण्यात खर्च झालेली ऊर्जा हवेच्या जोरातूनच वजा होते, म्हणून जाड गालिच्यावर हा ब्रश अडखळतो.

कारखान्यातली यंत्रं याहून दमदार असतात. तिथे कॉम्प्रेसरची सहा-सात बार (बार हे दाबाचं एकक) दाबाच्या हवेची लाइन भिंतीभर फिरलेली असतेच. तिला नळी जोडली की यंत्राच्या आत हवा दोन कामं करते. एका वाटेनं ती व्हेन मोटरमध्ये जाते. तिच्या गोल पोकळीत मध्यापासून जरा सरकवून बसवलेला रोटर असतो आणि त्याच्या खाचांतल्या सरकत्या पट्ट्या हवेला कप्प्यांत अडवतात. हवा प्रसरण पावते, पट्टीला ढकलते, ब्रश फिरतो. दुसऱ्या वाटेनं ती एजेक्टर नावाच्या अरुंद तोंडातून सुसाट सुटते आणि शेजारच्या हवेला बरोबर खेचून नेते, त्यामुळे मागे निर्वात तयार होतो. गॅसच्या शेगडीत बारीक छिद्रातून सुटणारा गॅस बाजूची हवा आत खेचतो, तेच इथे घडतं, फक्त दाब कितीतरी जास्त. या दुसऱ्या भागात फिरणारं काहीही नाही.

अशी यंत्रं पेंट शॉप, सॉल्व्हंट साठवण्याच्या खोल्या, औषधांच्या आणि ॲल्युमिनियमच्या भुकटीचे विभाग अशा ठिकाणी लागतात, कारण मोटरच्या एका ठिणगीनं तिथली वाफ किंवा भुकटी पेट घेऊ शकते. हवेच्या मोटरमध्ये विजेची ठिणगीच नाही. ब्रश अडकला तर ती नुसती थांबते, जळत नाही. तरी धोका पूर्ण टळत नाही. कोरडी भुकटी नळीतून धावताना स्थिर विद्युत साठते, म्हणून नळी विद्युतवाहक हवी आणि यंत्राला अर्थिंग हवं. साधी प्लास्टिकची नळी लावली की सगळी खबरदारी वाया.

विजेचा हिशेबही पाहायला हवा. हवा दाबताना बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. एअर मोटरकडून १ किलोवॅट काम घ्यायचं तर कॉम्प्रेसरला साधारण ७ ते ८ किलोवॅट वीज द्यावी लागते, गळक्या लाइनवर त्याहून जास्त. पावसाळ्यात दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी लाइनमध्ये जमतं, म्हणून यंत्राआधी फिल्टर आणि तेल देणारं युनिट लावून ते रोज रिकामं करावं लागतं. त्यामुळे जिथे आगीचा धोका आहे तिथे हवेवरचं यंत्र घ्यावंच, आणि जिथे नाही तिथे बॅटरीवरचा स्क्रबर बरा. शाळा, दवाखाना किंवा सोसायटीच्या लॉबीसाठी कॉम्प्रेसर बसवण्यात अर्थ नाही.

कोणतंही यंत्र घ्या, आधी कोरडी धूळ उचलून मगच पाणी सोडावं, नाहीतर ब्रशखाली चिखल होतो आणि कठीण कण फरशीवर फिरत राहतात. व्हिट्रिफाइड टाइल हे बऱ्यापैकी सोसते. जुन्या पुण्यातल्या वाड्यांची शहाबादी फरशी, कोटा, कडप्पा हे मात्र चुनखडीचे दगड. त्यांतलं कॅल्साइट काठिण्याच्या मोजपट्टीवर ३ वर येतं, वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर. अशा फरशीवर काळा खरखरीत पॅड लावू नये, रोजच्यासाठी लाल मऊ पॅड पुरतो. आणि आम्लाचं क्लीनर तर मुळीच नको: आम्ल पडलं की चुनखडी फसफसते आणि विरघळू लागते, दगडाची झिलई जाते, आणि त्या खडबडीत जागी पुढची धूळ अधिकच घट्ट बसते.