क्लेम नामंजूर म्हणजे सगळं संपलं? अजिबात नाही!

कामावर इजा झाली, भरपाईचा क्लेम टाकला आणि 'नामंजूर' असं पत्र आलं की लगेच चार लोक सांगतात, आता काही होत नाही, गप्प बस. हे ऐकून खरंच जीव तुटतो, कारण हे साफ चूक आहे. आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) १९६४ च्या कन्व्हेन्शन १२१ मध्येच (कामावरच्या इजेच्या लाभांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) लिहिलंय की लाभ नाकारला किंवा कमी दिला तर अपिलाचा हक्क आहे, आणि बहुतेक देशांच्या कायद्यात तशी सोय असतेच.

ते पत्र फेकू नका, नीट वाचा. नकाराचं कारण बहुतेक वेळा त्यातच असतं आणि अपिलात नेमकं त्यालाच उत्तर द्यायचं असतं. समजा लिहिलंय 'इजा कामामुळे झाल्याचा पुरावा नाही', मग डॉक्टरांच्या कागदावर नुसतं 'कंबरदुखी' असून भागत नाही, 'अमुक तारखेला कामावर ओझं उचलताना लचक भरली, तेव्हापासून त्रास' असं स्पष्ट लिहून घ्या. दुखणं जुनं होतं म्हणून नाकारलं असेल तरी कामामुळे ते वाढलं, हा मुद्दा अनेक ठिकाणी चालतो.

'चूक तुझीच होती' म्हणाले तरी घाबरू नका, अशा भरपाईत सहसा चूक कोणाची हे बघतच नाहीत (नशेत काम करणं, मुद्दाम स्वतःला इजा करून घेणं हे वेगळं).

अपिलाची मुदत मात्र पाळाच. साहेब 'बघतो' म्हणाले म्हणून थांबू नका, तोंडी बोलण्याने मुदत थांबत नाही, अपील लेखी द्या आणि पोच घ्या.