नौरूच्या मतपेटीतले अपूर्णांक

नौरूच्या निवडणुकीचा निकाल पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, टाइप करणाऱ्यानं काहीतरी घोळ घातलाय. उमेदवारांच्या नावांपुढे मतांचे आकडे असतात, पण दशांश चिन्हासकट, थेट तीन स्थळांपर्यंत. मतदार तर अख्खा माणूस असतो. मग मताचे हे तुकडे आले कुठून?

नौरू प्रशांत महासागरात आहे, विषुववृत्ताच्या जरासं दक्षिणेला. क्षेत्रफळ 21 चौरस किलोमीटर, लोकसंख्या 12 हजारांच्या आसपास. एवढ्या वस्तीच्या गावाला महाराष्ट्रात ग्रामपंचायत असेल, तर तिच्यात जास्तीत जास्त 17 सदस्य असतात. नौरूत 19 खासदारांची संसद आहे, राष्ट्राध्यक्ष आहे, सर्वोच्च न्यायालय आहे आणि 1999 पासून संयुक्त राष्ट्रांत स्वतंत्र खुर्चीही आहे. अधिकृत राजधानी मात्र नाही; संसद यारेन जिल्ह्यात भरते, एवढंच. फॉस्फेटच्या खाणींनी या देशाला काही काळ श्रीमंत केलं आणि नंतर कंगाल, ती गोष्ट बऱ्याच जणांनी वाचलेली असते. इथली निवडणूक पद्धत मात्र फारशी कुणाच्या कानावर आलेली नसते, आणि माझ्या मते फॉस्फेटपेक्षा ती जास्त मजेशीर आहे.

31 जानेवारी 1968 ला नौरू स्वतंत्र झाला. ऑस्ट्रेलियाच्या कारभारातून आलेली पसंतीक्रमाची मतपद्धत त्यानं सुरुवातीला तशीच चालू ठेवली. पसंतीक्रम आपल्यालाही नवा नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाचा निकाल मध्यरात्र उलटली तरी का लागत नाही, हे सांगताना वार्ताहर ‘दुसऱ्या पसंतीची मतं’ मोजली जात असल्याचं म्हणतात, तोच हा प्रकार. त्यात तळाचा उमेदवार बाद झाला, की त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती उघडली जाते. तुमचा पहिला उमेदवार शर्यतीत असेपर्यंत दुसरी पसंती झाकलेलीच राहते.

1971 मध्ये नौरूचे न्याय सचिव डेस्मंड डाउडल यांनी वेगळीच युक्ती सुचवली. डाउडल जन्मानं आयरिश. त्यांच्या पद्धतीत कुणी बाद होत नाही आणि फेऱ्याही होत नाहीत. मतदारानं सगळ्या उमेदवारांना क्रमांक द्यायचे. एकालाही वगळायची सोय नाही. पहिल्या पसंतीला 1 मत, दुसरीला अर्धं, तिसरीला एक तृतीयांश, चौथीला पाव, आणि असंच पुढे; दहाव्या पसंतीला एक दशांश. सगळ्यांची बेरीज करायची आणि ज्यांची बेरीज सर्वात मोठी ते निवडून आले. जुन्या पिढीनं पाठ केलेल्या निमकी-पावकीत एक तृतीयांशाचा पाढा असता, तर त्यांना ही मोजणी तोंडी जमली असती.

अशी गुण देण्याची कल्पना डाउडलच्या आधीची आहे. अठराव्या शतकात फ्रेंच नौदल अधिकारी आणि गणितज्ञ जाँ-शार्ल द बोर्डा यांनी ती मांडली होती. त्यांच्या पद्धतीत चार उमेदवार असतील तर गुण 4, 3, 2, 1 असे, प्रत्येक पायरी सारख्या उंचीची. डाउडलच्या जिन्याची पहिली पायरी मात्र भलतीच उंच आहे आणि खालच्या पायऱ्या जवळजवळ सपाट. पहिल्या आणि दुसऱ्या पसंतीत अर्ध्या मताचं अंतर, नवव्या आणि दहाव्यात जेमतेम 0.011 चं.

एवढ्याशा फरकानं निकाल कसा फिरतो ते आकड्यांत बघू. समजा 100 मतदार आणि अ, ब, क, ड हे चार उमेदवार आहेत. 62 जणांनी अ, ब, क, ड असा क्रम लावला. उरलेल्या 38 जणांना अ अजिबात नकोय. त्यांनी ब, क, ड, अ असा लावला. बोर्डाच्या हिशेबानं अ ला 286 गुण मिळतात आणि ब ला 338. म्हणजे 62 टक्के लोकांची पहिली पसंती असलेला माणूस हरतो! डाउडलच्या हिशेबानं अ ला 62 अधिक 38 चा पाव भाग, म्हणजे 71.5 मतं पडतात. ब ला 31 अधिक 38, म्हणजे 69. अ जिंकतो, पण घासून. आणखी दोनच मतदार फुटून दुसऱ्या गटात गेले, 60 आणि 40 झाले, तर दोघांचीही बेरीज बरोबर 70 होते.

थोडक्यात, ही पद्धत आपल्या ‘ज्याला जास्त मतं तो विजयी’ पद्धतीच्या आणि बोर्डाच्या मधली, पण आपल्याकडे जास्त झुकलेली आहे. लबाडीला ती थोडी कमी वाव देते. बोर्डाची दुखरी नस अशी, की प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम तळाशी ढकललं की त्याचं जबर नुकसान होतं. दहा उमेदवारांत दुसऱ्यावरून दहाव्यावर ढकललेल्याचे दहापैकी आठ गुण जातात. डाउडलमध्ये 0.4 मत जातं, त्याच्या निम्मंच. लबाडी पूर्णपणे थांबत नाहीच, आणि तो दोष डाउडलचा नाही. तीन किंवा अधिक पर्याय असले, तर डावपेचांना अजिबात जागा न देणारी मतपद्धत असूच शकत नाही, अपवाद फक्त एकाच माणसाच्या मर्जीवर निकाल ठरवण्याचा. हे 1970 च्या दशकात ॲलन गिबर्ड आणि मार्क सॅटरथ्वेट यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केलं.

नौरूला ही पद्धत मानवते, याचं कारण मला तरी आकारात दिसतं. मतदारसंघ आठ, बहुतेकांत दोन जागा, आणि मतदार काही शेकड्यांच्या हिशेबात. उमेदवारांपैकी एक चुलत भाऊ, एक शेजारी, एक जुना मास्तर, असं असताना एकच शिक्का मारायचा तर बाकीच्यांशी वाकडं होणार. इथे प्रत्येकाला काही ना काही देता येतं. पक्ष नावापुरते असतात; खासदार आपापल्या गोतावळ्याच्या जोरावर संसदेत येतात आणि तिथे कुणाचेही बांधील नसतात.

अडचण इथूनच सुरू होते. नौरूचा राष्ट्राध्यक्ष राष्ट्रप्रमुखही असतो आणि सरकारचा प्रमुखही. त्याला खासदार आपल्यातून निवडतात आणि अविश्वास ठरावानं घरीही पाठवतात. पक्षाचा व्हिप नसल्यावर दोन जणांचा रुसवा सरकार पाडायला पुरतो. रेने हॅरिस, बर्नार्ड डोवियोगो हीच मंडळी आलटून-पालटून अनेकदा राष्ट्राध्यक्ष झाली. ठराव मंजूर झाल्यावर सात दिवसांत नवा राष्ट्राध्यक्ष निवडला नाही तर संसदच विसर्जित होते, म्हणून जुळवाजुळव झटपट उरकावी लागते. ऑक्टोबर 2023 मध्ये राष्ट्राध्यक्ष रस कुन यांना अविश्वास ठरावानं हटवलं आणि त्याच महिन्यात त्यांच्या जागी डेव्हिड अडियांग आले.

सगळ्यात विचित्र प्रसंग 2010 चा. तेव्हा संसदेत 18 जागा होत्या. एप्रिलच्या निवडणुकीत सरकारकडे 9 आणि विरोधकांकडे 9 असा निकाल लागला. आता सभापती कोण होणार? नौरूत सभापतीला एरवी मत नसतं, समसमान मतं पडली तरच ते असतं. त्यामुळे ज्या बाजूनं आपला माणूस खुर्चीत बसवला, ती 8 वर येणार आणि समोरचे 9 च राहणार. मग स्वतःहून कोण बसवेल? जूनमध्ये पुन्हा मतदान झालं, तरी कोंडी सुटली नाही. राष्ट्राध्यक्ष मार्कस स्टीफन, हे मूळचे वेटलिफ्टर आणि राष्ट्रकुल स्पर्धांतले सुवर्णपदकविजेते, आणीबाणीत देश हाकत राहिले. अखेर नोव्हेंबरमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष लुडविग स्कॉटी सभापती व्हायला राजी झाले आणि गाडं हललं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष थेट जनतेतून निवडावा का, यावर सार्वमत झालं होतं. तसं झालं असतं तर राष्ट्राध्यक्षाची खुर्ची खासदारांच्या मर्जीतून सुटली असती. सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी नाही म्हटलं. मग उपाय निघाला तो सम-विषमाचा: 2013 च्या निवडणुकीपासून मेनेंग मतदारसंघाला तिसरी जागा दिली आणि संसद 19 ची झाली. आता 10 विरुद्ध 9 असताना बहुमतवाल्यांनी सभापती दिला तरी 9-9 होतात आणि निर्णायक मत सभापतीकडेच राहतं.

या 19 जणांच्या संसदेत बॅरन वाका सलग सहा वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिले, आधीच्या धरसोडीच्या मानानं हे फारच झालं. त्यांना संसदेनं पाडलं नाही. 2019 मध्ये त्यांच्या बोए मतदारसंघात अपूर्णांकांची बेरीज कमी भरली आणि ते खासदारच राहिले नाहीत.