‘मायक्रोकॉसमॉस’ पेरँचा आहे, पण दिग्दर्शक पेरँचा नाही

‘मायक्रोकॉसमॉस’ (1996) हा कुरणातल्या कीटकांवरचा फ्रेंच निसर्गपट जाक पेरँ या फ्रेंच नट-निर्मात्यानं दिग्दर्शित केलेला नाही. तो क्लोद न्यूरिदसानी आणि मारी पेरेनू या दोघांनी दिग्दर्शित केला. पेरँ त्याचा निर्माता. चित्रपट मंडळांची पत्रकं, महोत्सवांतल्या प्रास्ताविक ओळी, आणि एप्रिल 2022 मध्ये पेरँ गेला तेव्हा लिहिल्या गेलेल्या श्रद्धांजल्या, सगळीकडे तेच वाक्य फिरत असतं: “मायक्रोकॉसमॉस, विंग्ड मायग्रेशन आणि ओशन्सचे दिग्दर्शक जाक पेरँ”. तीनपैकी दोन नावं बरोबर आहेत. जे चुकलं आहे तोच माझ्या मते तिघांतला सर्वांत थोर चित्रपट, म्हणून ही चूक मला सोडवत नाही.

एकाच माणसाच्या दोन भूमिका इथे शेजारी शेजारी ठेवायच्या आहेत: निर्माता पेरँ आणि दिग्दर्शक पेरँ. तिसरा पेरँ, म्हणजे नट, तुम्हाला माहीत आहेच. ‘सिनेमा पॅरादीसो’ या इटालियन चित्रपटात अंधारात बसून कापलेली चुंबनदृश्यं पाहणारा पिकल्या केसांचा साल्व्हातोरे तो हाच. जन्म 13 जुलै 1941, पॅरिस. खरं आडनाव सिमोने. पेरँ हे आईचं आडनाव त्यानं घेतलं. विशीतच इटालियन दिग्दर्शक व्हालेरियो झुर्लिनीच्या चित्रपटांतून नावारूपाला आला, 1966 साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. अभिनेता म्हणून तो मोठा होताच, पण त्याबद्दल कुणाचा गोंधळ होत नाही, म्हणून ते इथेच सोडतो.

दोन किरकोळ चुकाही उरकून टाकू. ‘हिमालया’ (1999) हा माहितीपट नाही आणि पेरँचं दिग्दर्शनही नाही. नेपाळमधल्या डोल्पो भागात, तिथल्याच माणसांना घेऊन एरिक व्हालीनं केलेला तो कथापट आहे, पेरँ निर्माता. आणि ‘ले कोरिस्त’ (2004) क्रिस्तॉफ बारातिएचा. बारातिए हा पेरँचा भाचा. पेरँनं त्याची निर्मिती केली आणि कथेतला मुलगा मोठेपणी संगीतकार होतो त्याची छोटी भूमिका केली, इतकंच.

आता मुख्य गोष्ट.

निर्माता म्हटलं की आपल्याकडे पैशाची थैली घेऊन बसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. तो सेटवर फेरी मारतो, हिशेब विचारतो आणि प्रीमियरला हार घालून घेतो. ही प्रतिमा मनात असली की ‘मायक्रोकॉसमॉस’सारखा चित्रपट “निर्मात्याचा” म्हणणं म्हणजे पेरँला कमी लेखणं, असं वाटतं. मग त्याचा मान राखायचा म्हणून लोक त्याला दिग्दर्शक करून टाकतात. चूक इथून जन्मते. दिग्दर्शक म्हणजे कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं, निर्माता काय करतो हे मात्र क्वचितच कुणी समजून घेतलेलं असतं.

पेरँनं तिशीही गाठलेली नसताना, 1968 साली, स्वतःची निर्मितीसंस्था काढली: रेग्गान फिल्म्स. पहिलं मोठं काम दिग्दर्शक कोस्ता-गाव्रासचा ‘झेड’. विषय ग्रीसमधल्या राजकीय खुनाचा, आणि ग्रीसमध्ये तेव्हा लष्करी राजवट. तिथे चित्रीकरण अशक्य, आणि असल्या विषयात फ्रान्समध्ये पैसा घालायला कुणी उत्सुक नव्हतं. मार्ग निघाला तो अल्जीरियात. स्वतंत्र होऊन जेमतेम सहा वर्षं झालेल्या त्या देशाची सरकारी चित्रपटसंस्था सहनिर्माती झाली आणि अल्जिअर्सच्या रस्त्यांनी पडद्यावर ग्रीसची जागा घेतली. कथा कशी सांगायची, कॅमेरा कुठे ठेवायचा हे कोस्ता-गाव्रासनं ठरवलं. पण ती कथा सांगता येईल असा देश, अशी माणसं आणि असा करार उभा करणं, हे पेरँचं काम. तो चित्रपटात छायापत्रकार म्हणून दिसतोही, आणि लोकांना तेवढंच आठवतं.

‘झेड’ला परभाषा विभागातलं ऑस्कर मिळालं ते अल्जीरियाच्या नावावर, कारण तो पुरस्कार देशाला दिला जातो. पण त्याच वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकनही होतं, आणि ते नामांकन निर्मात्यांचं असतं: जाक पेरँ आणि अहमद राशेदी. पेरँ “ऑस्करचा मानकरी” की “ऑस्करसाठी नामांकित” यावर वाद घालणाऱ्यांनी आधी कुठला पुरस्कार कुणाला देतात ते बघावं.

त्यानंतर कोस्ता-गाव्रासचेच ‘स्टेट ऑफ सीज’ आणि ‘स्पेशल सेक्शन’. मग जाँ-जाक आनोचा पहिला चित्रपट ‘ब्लॅक अँड व्हाइट इन कलर’ (1976). त्याचं ऑस्कर गेलं आयव्हरी कोस्टकडे. त्याच वर्षीचा झुर्लिनीचा ‘द डेझर्ट ऑफ द टार्टर्स’ इराणमधल्या बामच्या मातीच्या किल्ल्यात चित्रित झाला. तो किल्ला 2003 च्या भूकंपात कोसळला, त्यामुळे आज त्या चित्रपटाला वेगळंच मोल आलं आहे. पेरँला मात्र तो फार महागात पडला. दिग्दर्शकाचा चित्रपट पडला तर त्याचं नाव खराब होतं. निर्मात्याच्या मागे कर्ज लागतं.

निर्माता पेरँची सवय यातून दिसते. दुसऱ्याच्या डोक्यातली, कुणी हात लावणार नाही अशी कल्पना ओळखायची आणि ती शेवटाला नेईपर्यंत सोडायची नाही. 1989 साली त्यानं झेरार व्हिएनकडून माकडांवरचा ‘ले प्युप्ल सँज’ करून घेतला. पुढच्या सगळ्या निसर्गपटांची वाट तिथून सुरू होते.

आणि मग न्यूरिदसानी-पेरेनू. हे जोडपं जीवशास्त्र शिकलेलं, निसर्गावर छायाचित्रांची पुस्तकं करणारं, दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों भागात राहणारं. त्यांना त्यांच्या अवतीभवतीच्या कुरणावर चित्रपट करायचा होता. माणसं नाहीत, निवेदन जवळजवळ नाही, आणि पात्रं म्हणजे गोगलगायी, मुंग्या, सुरवंट, शेणकिडे. कीटकांच्या उंचीवरून सहज सरकू शकेल असा कॅमेरा त्यासाठी हवा होता आणि तो बाजारात मिळत नव्हता. यंत्रणा तयार करण्यात दोन वर्षं गेली, चित्रीकरणात तीन. शिवाय हे टीव्हीसाठी नव्हतं, मोठ्या पडद्यासाठी होतं. तुम्ही स्वतः असा प्रस्ताव कुणापुढे ठेवून बघा, म्हणजे पेरँनं काय केलं ते कळेल. त्याच्या गालाते फिल्म्स या निर्मितीसंस्थेनं फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली अशी तीन देशांची जुळणी केली आणि पाच वर्षं ती टिकवली. 1997 च्या सेझार, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत चित्रपटाला छायाचित्रण, संकलन, ध्वनी आणि ब्रूनो कुलेच्या संगीताचे पुरस्कार मिळाले, आणि पाचवा पुरस्कार स्वतः पेरँला मिळाला. तो सर्वोत्कृष्ट निर्मात्याचा होता! खुद्द फ्रेंचांनी त्याला ज्या कामासाठी गौरवलं ते सोडून दुसऱ्याच कामाचं श्रेय आपण का द्यावं?

गोंधळाला एक समजण्यासारखं कारण आहे, तेही सांगतो. ‘मायक्रोकॉसमॉस’च्या फ्रेंच आवृत्तीत जे मोजकं निवेदन आहे ते पेरँच्या आवाजात आहे. आवाज त्याचा, जाहिरातीत ठळक नाव त्याचं, चेहरा ओळखीचा. दिग्दर्शक दोघंही फारसे प्रसिद्ध नाहीत. प्रेक्षकानं काय समजावं?

पण चित्रपट नीट पाहिला तर फरक पडद्यावरच दिसतो. ‘मायक्रोकॉसमॉस’ कुरण सोडून कुठे जात नाही. एक दिवस, एक रात्र आणि पुन्हा पहाट असा त्याचा आकार. शेणाचा गोळा काट्यात रुततो आणि किडा तो सोडवायला धडपडतो, हे दृश्य तो आपल्याला पुरतं पाहू देतो, घाई करत नाही. पावसाचा थेंब त्या उंचीवर आघातासारखा पडतो. दोन गोगलगायींचं मीलन इतक्या आदरानं टिपलं आहे की हसू येत नाही. ही नजर एका जागी वर्षानुवर्षं वाकून पाहणाऱ्या माणसांची आहे.

दिग्दर्शक पेरँची नजर याच्या उलट. ‘विंग्ड मायग्रेशन’ (2001) हा स्थलांतरी पक्ष्यांवरचा चित्रपट सातही खंडांत, सुमारे 40 देशांत फिरतो. तो सतत उडत असतो. पेरँला पक्षी जमिनीवरून पाहायचे नव्हते, त्यांच्या थव्यात सामील होऊन पाहायचे होते. त्यासाठी त्याच्या चमूनं अंड्यांतून बाहेर पडण्याआधीपासून पिल्लांना माणसांच्या आवाजाची आणि विमानाच्या इंजिनाची सवय लावली, त्यांना हातावर वाढवलं, आणि ती मोठी झाल्यावर हलक्या विमानांतून त्यांच्या पंखाला पंख लावून चित्रीकरण केलं. आपल्याकडे हिवाळ्यात जायकवाडीला उतरणारे पट्टकादंब (बार-हेडेड गूज) या चित्रपटात हिमालयात भेटतात. निव्वळ त्या प्रसंगासाठीही मी हा चित्रपट मराठी पक्षीप्रेमींना आग्रहानं सुचवतो. 2003 च्या ऑस्करला माहितीपट विभागात त्याला नामांकन होतं. आणि इथेही “एकट्या पेरँचं दिग्दर्शन” म्हणू नका: जाक क्लुझो आणि मिशेल देबा हे सहदिग्दर्शक आहेत. ‘ओशन्स’ (2009) आणि ‘लॅ सेझाँ’ (2015) हे दोन्ही पेरँ आणि क्लुझोचे. क्लुझोचं नाव इतकं सर्रास गळतं की ते लिहिण्याची संधी मी सोडत नाही.

ही श्रेयनामावलीतली बारीकसारीक काटेकोरी वाटत असेल, तर कायद्याकडे बघा. फ्रान्समध्ये 1957 च्या कॉपीराइट कायद्यापासून दिग्दर्शक हा चित्रपटाच्या कर्त्यांपैकी एक मानला जातो, पटकथाकार आणि संगीतकार यांच्यासह. निर्माता त्या यादीत नाही. त्याची व्याख्या वेगळी: निर्मितीचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. चित्रपट पूर्ण झाला असं तेव्हाच मानतात जेव्हा अंतिम आवृत्तीवर दिग्दर्शक आणि निर्माता दोघांचं एकमत होतं. नंतर एखादं दृश्य काढायचं किंवा घालायचं तरी पुन्हा दोघांची संमती लागते. म्हणजे ‘मायक्रोकॉसमॉस’मधलं एखादं दृश्य पेरँ स्वतःच्या मर्जीनं कापू शकत नव्हता, आणि न्यूरिदसानी-पेरेनूही त्याला डावलून बदलू शकत नव्हते.

आता आपला कायदा. योगायोगानं तोही 1957 चाच. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. पुढाकार आणि जबाबदारी हे शब्द आपल्या व्याख्येतही आहेत, पण कर्तेपण तिथेच निर्मात्याला मिळून जातं. दिग्दर्शकाला कायद्यात ते स्थान नाही. हा नियम मला मुळीच पटत नाही, आणि फ्रेंच चित्रपटांवर लिहिताना तर तो डोक्यातून काढूनच टाकावा. “हा चित्रपट कुणाचा?” या प्रश्नाची दोन देशांत दोन उत्तरं आहेत. पेरँ ज्या देशात काम करत होता तिथलं उत्तर धरायला हवं.

याचा संबंध जाब विचारण्याशीही आहे. हातावर वाढवलेले पक्षी दाखवून त्याला माहितीपट म्हणावं का, हा रास्त प्रश्न आहे. ‘ओशन्स’मध्ये पर छाटलेला शार्क समुद्रात खाली खाली जातो, तो शार्क यांत्रिक प्रतिकृती होता. हे योग्य की अयोग्य यावर पेरँ आणि क्लुझोशी भांडावं, कारण ते त्यांचे दिग्दर्शकीय निर्णय आहेत. माझं मत विचाराल तर पक्ष्यांच्या बाबतीत मला काही गैर वाटत नाही: उड्डाण खरं आहे, वारा खरा आहे. शार्कचा प्रसंग मात्र खटकतो, कारण तिथे प्रेक्षकाचा संताप प्रतिकृतीवर उभा केला आहे. पण हेच प्रश्न घेऊन ‘मायक्रोकॉसमॉस’साठी पेरँकडे जाण्यात अर्थ नाही. तिथली दारं न्यूरिदसानी-पेरेनूंची आहेत.

मला दोघांतला निर्माता पेरँ अधिक मोठा वाटतो. दिग्दर्शक म्हणून त्यानं भव्यता दिली, आणि भव्यतेत तो अधूनमधून हरवतो. ‘ओशन्स’सारख्या सुमारे 5 कोटी युरोंच्या चित्रपटात एक दृश्य मनात रुजण्याआधी दुसरं येऊन आदळतं. निर्माता म्हणून त्यानं कोस्ता-गाव्रास, आनो, व्हाली, न्यूरिदसानी-पेरेनू, बारातिए अशा एकमेकांशी काडीचं साम्य नसलेल्या माणसांना त्यांचा त्यांचा चित्रपट करू दिला, आणि त्यांतला एकही “पेरँछाप” वाटत नाही.

पाहायला सुरुवात करायची तर आधी ‘मायक्रोकॉसमॉस’, मग ‘विंग्ड मायग्रेशन’, शक्यतो लागोपाठच्या दोन संध्याकाळी, म्हणजे दोन नजरांमधला फरक ताजा राहील. दोन्ही मोठ्या पडद्यावर मिळाले तर उत्तम. ‘ओशन्स’ मात्र फ्रेंच आवृत्तीतच पाहा. डिस्नेनं अमेरिकेत जी आवृत्ती आणली ती मूळ चित्रपटापेक्षा सुमारे 20 मिनिटांनी छोटी आहे आणि तिच्यावर पिअर्स ब्रॉस्ननचं निवेदन चढवलेलं आहे.