गल्ली गेली, आठवण राहिली: ब्रिटनमधल्या गावोगावच्या बालपणीच्या आठवणींची पार्श्वभूमी

ब्रिटनमधल्या एखाद्या छोट्या शहराच्या सार्वजनिक वाचनालयात स्थानिक इतिहासाचं एक कपाट हमखास सापडतं. त्यात जाडजूड ग्रंथांच्या शेजारी पिना मारलेल्या बारीक पुस्तिका असतात. आमची गल्ली, आमची शाळा, आमची गिरणी, आमचं गाव. लिहिणारे बहुतेक १९२५ ते १९५५ या काळात जन्मलेले, आणि त्यांतले कित्येक जण आयुष्यात पहिल्यांदाच काही लिहीत होते. कोळशाची शेगडी, पत्र्याच्या टबातली आंघोळ, परसातला संडास, बरणीतल्या गोळ्या, दिव्याच्या खांबाला दोर बांधून घेतलेले झोके. कुठलंही गाव घ्या, या गोष्टी येतातच.

या लिखाणाकडे म्हातारपणचा विरंगुळा म्हणून बघितलं जातं, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. ज्या पिढीने हे लिहिलं तिच्या डोळ्यांदेखत तिची गल्ली पाडली गेली, गिरणी बंद झाली, स्टेशनात येणारी रेल्वे बंद झाली. दाखवायला जागाच उरली नाही म्हणून ती कागदावर उतरली. आणि हे सगळं उतरवण्यासारखं आहे, हे मान्य व्हायलाही बराच काळ जावा लागला.

वायव्य इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या, कापडगिरण्यांभोवती वाढलेल्या गिरणीगावांपासून सुरुवात करू. बोल्टन, ओल्डहॅम, रॉचडेल, बर्नली. गिरणीभोवती विटांच्या घरांच्या लांबच लांब रांगा, प्रत्येक घराला खाली दोन आणि वर दोन खोल्या. पुढे अंगण नाही. दार उघडलं की थेट फुटपाथ. त्यामुळे दाराची दगडी पायरी हीच घराची अब्रू. ती पायरी घासून तिच्या कडेला पांढरा किंवा पिवळसर पट्टा काढायचा, हे बायकांचं नेमाचं काम. त्यासाठी ‘डाँकी स्टोन’ नावाची वडी मिळायची. दगडाची पूड, सिमेंट आणि रंग उजळवणारी पूड एकत्र दाबून ती बनवत. मुळात ती गिरण्यांसाठी होती: तेलकट जिन्यांवरून कामगारांचे पाय घसरू नयेत म्हणून पायऱ्या तिने घासत. तिथून ती घराघरांत आली. ती विकत क्वचितच घेतली जाई. भंगारवाला गाडी घेऊन गल्लीत यायचा, जुने कपडे घ्यायचा आणि बदल्यात वडी द्यायचा. आपल्याकडची बोहारीण जुन्या साड्यांवर भांडी द्यायची, तोच व्यवहार. चिंध्यांचं गाठोडं घेऊन गाडीमागे पळणं हे पोरांचं काम, म्हणून बालपणीच्या आठवणींत हा माणूस इतका ठसठशीत दिसतो. अॅश्टन-अंडर-लाइन इथला ईलाय व्हॅली यांचा कारखाना या वड्या बनवणाऱ्यांतला शेवटचा. तो १९७९ मध्ये बंद झाला. पण तोवर घासायला पायऱ्याच फारशा उरल्या नव्हत्या.

दुसरी मोठी आठवण ‘वेक्स वीक’ची. वेक्स हा मुळात चर्चच्या संताच्या नावाने भरणारा उरूस. यंत्रयुगात त्याची सुट्टी झाली: त्या आठवड्यात गावातल्या सगळ्या गिरण्या एकदम बंद. बॉयलर साफ व्हायचे, धुराडी थंड पडायची, आणि एरवी काजळीत हरवलेल्या टेकड्या चक्क दिसायला लागायच्या. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा, त्यामुळे समुद्रकाठच्या ब्लॅकपूलला उन्हाळाभर एकामागून एक अख्खी गावं येऊन उतरत. शेजारी तेच, दुकानदार तेच, फक्त समोर समुद्र. पैसे वर्षभर गिरणीतल्या बचत क्लबात साठवलेले असत, कारण ही सुट्टी दीर्घकाळ बिनपगारी होती. पगारी सुट्टीचा कायदा १९३८ चा. त्याचा खरा लाभ बहुतेकांना महायुद्धानंतरच मिळाला. खाणावळीत शिधा आपण आणायचा आणि घरमालकिणीने तो रांधून द्यायचा, अशीही पद्धत होती. काही जणी टेबलावरच्या मीठ-मिरपुडीचे वेगळे पैसे लावायच्या, ही तक्रार आठवणींत पुन्हा पुन्हा भेटते.

या गिरणीगावांचा आपल्याशी संबंध सूत-कापसाचा. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं मुंबईच्या गिरण्यांत होती, आणि लँकेशायरचं कापड आपल्या बाजारात. १९३० च्या सुमाराला मंदी आणि बहिष्कार या दोन्हींनी तिथल्या गिरण्या ओस पडू लागल्या. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी ही बेकारी बघायला डार्वेनजवळच्या स्प्रिंगव्हेलला गेले. गिरणीकामगार बायकांनी त्यांच्याभोवती गर्दी करून जयजयकार केल्याचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. कामाविना बसलेल्या घरांतली मुलं तेव्हा त्याच गल्ल्यांत खेळत होती. त्यांच्या आठवणींतली तंगी आणि आपल्याकडचा चरखा एकाच इतिहासाचे भाग आहेत, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवावं असं मला वाटतं.

आता गोळ्या-चॉकलेटं. या आठवणी वाचताना परक्या वाचकाला प्रश्न पडतो की साध्या गोळ्यांबद्दल एवढं काय लिहायचं! उत्तर रेशनमध्ये आहे. ब्रिटनमध्ये रेशनिंग जानेवारी १९४० मध्ये सुरू झालं. बेकन, लोणी आणि साखर हे पहिले पदार्थ. गोळ्या-चॉकलेटांवर ते जुलै १९४२ मध्ये आलं. प्रमाण कमीजास्त होत राहिलं, पण साधारण चार आठवड्यांना १२ औंस, म्हणजे आठवड्याला जेमतेम ८५ ग्रॅम. दुकानात काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या, खिशात पेनी आहे, पण कुपन संपलंय: हा प्रसंग शेकडो आठवणींत आहे. युद्ध संपलं तरी रेशन संपलं नाही. एप्रिल १९४९ मध्ये सरकारने गोळ्या खुल्या केल्या, तर मागणी इतकी उसळली की बरण्या रिकाम्या झाल्या आणि ऑगस्टमध्ये रेशन परत लावावं लागलं. ते कायमचं उठलं ५ फेब्रुवारी १९५३ ला. त्या दिवशी पोरं साठवलेले पैसे घेऊन दुकानांवर तुटून पडली. १९४० मध्ये जन्मलेलं मूल तोवर बारा-तेरा वर्षांचं झालं होतं. एप्रिल ते ऑगस्टचे ते थोडके महिने सोडले, तर हवी ती गोळी हवी तेवढी घ्यायची म्हणजे काय, हे त्याला ठाऊकच नव्हतं. मांसावरचं रेशन तर जुलै १९५४ पर्यंत चाललं.

शाळेतल्या दुधाचंही तसंच. १९४६ च्या कायद्याने प्रत्येक विद्यार्थ्याला रोज एक तृतीयांश पाइंट (सुमारे १९० मिली) दूध फुकट मिळू लागलं. हिवाळ्यात बाटल्यांतलं दूध गोठायचं, मग त्या वर्ग गरम ठेवणाऱ्या रेडिएटरपाशी ठेवायच्या, आणि ते कोमट दूध नाक दाबून प्यायचं. माध्यमिक शाळांतलं हे दूध १९६८ मध्ये बंद झालं. सात वर्षांवरच्या मुलांचं १९७१ मध्ये, मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री असताना. त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला शिलिंग-पेनीचा जुना हिशेबही गेला आणि दशमान नाणी आली.

मग पाडापाडी. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून पुढची वीसेक वर्षं ‘राहण्यास अयोग्य’ ठरवलेली दहा लाखांहून अधिक घरं जमीनदोस्त झाली. घरं खरोखरच ओली, अंधारी आणि दाटीची होती. नव्या घरातली न्हाणीघरं बघून बायका रडल्याच्या आठवणी आहेत, त्याही खऱ्या. पण घराबरोबर शेजारही मोडला. एका गल्लीतली माणसं शहराच्या चार टोकांना गेली. मँचेस्टरच्या ह्यूम भागात जुन्या रांगा पाडून चंद्रकोरीच्या आकाराच्या प्रचंड इमारती उभारल्या, त्या १९७२ मध्ये पुऱ्या झाल्या आणि १९९० च्या दशकात त्याही पाडाव्या लागल्या. त्या काळात मँचेस्टर-सॅलफर्डच्या गल्ल्यांत शर्ली बेकर कॅमेरा घेऊन हिंडत होत्या. अर्धवट पाडलेल्या घरांसमोर खेळणारी मुलं त्यांच्या छायाचित्रांत आहेत.

खेड्यांचं नुकसान वेगळ्या वाटेने झालं. रेल्वेच्या काटछाटीसाठी मार्च १९६३ मध्ये आलेल्या बीचिंग अहवालाने २,३६३ स्टेशनं बंद करायची शिफारस केली आणि पुढच्या काही वर्षांत त्यांतली बरीच बंद झालीही. शेतावर घोड्यांची जागा ट्रॅक्टरने घेतली, आणि घोड्यांबरोबर नालबंद, खोगीर शिवणारे, गाडीवान असे सगळेच गेले.

हे नाहीसं होतंय हे काहींना लवकर कळलं. जॉर्ज इवर्ट इव्हान्स हे वेल्समधल्या खाणगावात वाढलेले लेखक १९४८ मध्ये सफोकमधल्या ब्लॅक्सहॉल या खेड्यात राहायला आले. पत्नीला तिथल्या शाळेत नोकरी होती. शेजारपाजारची म्हातारी माणसं एकोणिसाव्या शतकात जन्मलेली. विळ्याने कापणी केलेली, मेंढ्या राखलेली, आठवड्याचा पाव घरच्या भट्टीत भाजलेली. इव्हान्स त्यांच्याशी बोलत बसले, लिहून घेत गेले, पुढे टेपरेकॉर्डर आणला. मजुराला माहितीचा स्रोत न मानता जाणकार मानायचं, ही त्यांची दृष्टी पुढे ब्रिटनमधल्या मौखिक इतिहासाचा पाया ठरली. त्याच सुमाराला आयोना आणि पीटर ओपी हे दांपत्य मुलांच्या खेळांचं भांडार गोळा करत होतं. सुमारे ५,००० मुलांकडून मिळवलेली सामग्री त्यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. पकडापकडी मध्येच थांबवायची असेल तर मुलं काय ओरडतात, याचाही त्यांनी नकाशा काढला: लंडनकडे ‘फेनाइट्स’, पश्चिमेकडे ‘बार्ली’, ईशान्येला ‘स्किंच’. मोठ्यांनी कधी न शिकवलेले हे शब्द पोराने पोराला दिलेले.

याआधीही, १९३७ मध्ये, ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या गटाने बोल्टनमध्ये मुक्काम ठोकून दारूगुत्ते, प्रार्थनास्थळं, फुटबॉल आणि ब्लॅकपूलची सुट्टी यांची बारकाईने टिपणं केली होती. पण ती बाहेरून आलेल्या निरीक्षकांची. लोकांनी स्वतः लिहिण्याची लाट आली १९७० च्या दशकात. लंडनच्या हॅकनीत ‘सेंटरप्राइज’, ब्रायटनमध्ये ‘क्वीनस्पार्क’ अशा वस्तीतल्या प्रकाशनांनी गवंडी, मोलकरणी, गिरणीकामगार यांच्या आठवणी स्वस्तात छापल्या. १९७३ मध्ये ओरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, १९७६ मध्ये अशा लेखक-गटांचा महासंघ. वाचनालयातल्या त्या पुस्तिका बऱ्याचशा या लाटेतल्या किंवा तिच्या मागून आलेल्या. वस्तूही वाचल्या: डरॅम परगण्यात १९७० मध्ये स्थापन झालेल्या बीमिश संग्रहालयासाठी फ्रँक अॅटकिन्सन यांनी लोक देतील ते घ्यायचं असं धोरणच ठेवलं. टब, चुली, दुकानांच्या काउंटरपासून ट्रामपर्यंत.

या आठवणींत गोडवा जास्त आहे, हा आक्षेप खरा आहे. शाळेतल्या छड्या, घटसर्प, क्षय, आईचं उपाशी झोपणं हे अनेकदा एका वाक्यात येतं आणि जातं. शिवाय १९५० नंतर याच गिरण्यांत रात्रपाळीला लागलेल्या दक्षिण आशियाई कामगारांची मुलं याच रांगांतल्या घरांत वाढली. बोल्टनमध्ये गुजराती, ओल्डहॅम-रॉचडेलमध्ये पाकिस्तानी आणि बांगलादेशी. त्यांचं बालपण जुन्या पुस्तिकांत फारसं नाही. ते नोंदवायचं काम बरंच नंतर सुरू झालं. गिरण्या बंद पडल्यावर माणसांचे आवाज साठवायची निकड मुंबईच्या गिरणगावातही जाणवली. १९८२ च्या संपानंतर नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणी कामगारांच्या मुलाखतींतून ते काम केलं.

जमवलेलं टिकवणं हा निराळाच झगडा आहे. १९८६ मध्ये बीबीसीने देशभरच्या शाळकरी मुलांकडून आपापल्या परिसराची वर्णनं मागवून लेझर डिस्कवर साठवली. थोड्याच वर्षांत त्या डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि मजकूर पुन्हा बाहेर काढायला मोठा खटाटोप करावा लागला. १९७९ मध्ये सुरू झालेला, क्लिथरोच्या किल्ल्यातून चालणारा वायव्य इंग्लंडचा ध्वनिसंग्रह पैशांअभावी २०१५ मध्ये बंद झाला. त्याच्या टेप दुसऱ्या संग्रहांकडे गेल्या. मास ऑब्झर्व्हेशनची कागदपत्रं मात्र ससेक्स विद्यापीठाने सांभाळली आहेत, आणि दरवर्षी १२ मे या दिवसाची रोजनिशी लिहून पाठवा असं आवाहन तिथून केलं जातं. शाळकरी मुलंही ती पाठवतात.